ट्रॉलीला हुकूम

शेतकी शाळेच्या नव्या ट्रॉलीपुढे नारळ फुटला आणि संस्थेचे अध्यक्ष धैर्यशीलराव गरजले, "सगळी पोरं ट्रॉलीत बसवा. टेकडीला फेरी मारून आणा!"

ट्रॅक्टर शिकवणारे टिळेकर सर पुढे झाले. "साहेब, ट्रॉली मालासाठी असते. टेकडीला उतार आहे," ते चाचरत म्हणाले.

"या शाळेत माझाच हुकूम चालतो!"

नोकरीच्या धास्तीनं सर बाजूला झाले. पोरं चढू लागली. तेवढ्यात ट्रॅक्टर चालवायला बसलेल्या सुवर्णा या विद्यार्थिनीनं इंजिन बंद केलं, चावी काढली आणि खाली उतरून अध्यक्षांना नमस्कार केला.

"साहेब, तुमचा हुकूम आम्हाला मान्य आहे. तेवढा ट्रॉलीलाही एक हुकूम सोडा, की उतारावर उलटू नकोस. ती 'हो' म्हणाली की आम्ही बसतो."

अध्यक्षांनी ट्रॉलीकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि मग तेच खो खो हसत सुटले. "उतरा रे, उतरा! ही काही माझं ऐकायची नाही."

ट्रॉलीत टेकडीवर लावायची आंब्याची रोपं चढली, पोरं पायी निघाली.

टिळेकर सर सुवर्णापाशी गेले. शाबासकीसाठी उचललेला हात दुसऱ्या हाताशी आपसूक जुळला, आणि विद्यार्थिनीपुढे हात जोडताना त्यांना जराही संकोच वाटला नाही.