द्वारकाबाईंचा ओटा

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात कालिंदी नावाची एक मुलगी राहायची. तिला एकाच गोष्टीची भारी भीती वाटे. आपल्याला कुणीतरी फसवेल याची. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त टाकल्या, तरी तिला वाटायचं की याने वजनात नक्की काहीतरी मारलं. कुणी गोड बोललं की ती दचकायची. कुणी तोंडावर स्पष्ट बोललं की आणखी दचकायची.

कालिंदी गावच्या वाचनालयात काम करायची. तिची आई द्वारकाबाई पुरणपोळ्या करून विकायच्या. बारसं असो, साखरपुडा असो, गावात पोळ्या द्वारकाबाईंच्याच. पण तीस वर्षं जमिनीवर बसून लाटल्यामुळे त्यांचे गुडघे पार गेले होते. एकदा बसल्या की उठवत नसे. मोठी कामं परत जाऊ लागली. एके दिवशी त्या म्हणाल्या, "आता बंदच करते गं. झालं तेवढं पुष्कळ झालं."

काही न करता बसून राहिलेली आई कालिंदीला कल्पनेतसुद्धा बघवेना. उपाय एकच होता. उभं राहून लाटता येईल असा ओटा.

पण ओटा म्हटलं की मिस्त्री आला. आणि गिरणीवर दळण घेऊन बसलेल्या बायकांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "मिस्त्रीला सामान आणू देऊ नकोस हो. दुकानदार आणि मिस्त्री एका ताटात जेवतात." कालिंदीने ते मनावर घेतलं. तिने ठरवलं, सगळं सामान आपणच आणायचं आणि मगच मिस्त्रीला दारात उभं करायचं. म्हणजे फसवायला त्याच्या हातात काही उरणारच नाही.

स्वयंपाकघर अरुंद होतं. आत शिरलं की उजव्या हाताला खिडकीची भिंत आणि डाव्या हाताला लाकडी कपाट. कालिंदीने टेप घेऊन खिडकीची भिंत मोजली. एकदा, दोनदा, तीनदा. चौकटीच्या वहीत आकृती काढली. मग ती तालुक्याला दगडाच्या दुकानात गेली आणि काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा ग्रॅनाइट निवडला.

दुकानदाराने विचारलं, "ताई, सिंकचं भोक कुठल्या बाजूला पाडू?"

याचा तिने विचारच केला नव्हता. पण आपल्याला माहीत नाही असं दिसलं, तर हा माणूस काय काय गळ्यात मारेल कोण जाणे. ती घाईने म्हणाली, "असतं तिथेच."

"उजवीकडे असतं बहुतेक."

"मग उजवीकडेच."

यंत्र घरघरलं आणि दगडाला उजव्या बाजूला चौकोनी भोक पडलं. कालिंदीने सिंक घेतलं, नळ घेतला, पाइप घेतला, टाइल घेतल्या. टेम्पोत दगडाखाली जुनी गादी घालून तिने सगळं जपून घरी आणलं. द्वारकाबाईंनी दगडावरून हात फिरवला. "केवढा गुळगुळीत आहे गं!" त्या म्हणाल्या. लेकीचा चेहरा एवढा फुलला होता की दुसरं काही बोलावं असं त्यांना वाटलं नाही.

मग कालिंदीने गफूर मिस्त्रींना बोलावलं. सगळं गाव त्यांना गफूरचाचा म्हणायचं. चाचांनी दगड बघितला, सिंक बघितलं, भिंत बघितली. शेवटी द्वारकाबाईंकडे बघून म्हणाले, "बाई, लाटणं घेऊन या जरा."

"लाटणं?"

"हो. आणि इथे भिंतीपाशी उभ्या राहा. पोळी लाटताय असं करून दाखवा."

द्वारकाबाई हसल्या. भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी हवेतच पोळी लाटून दाखवली. द्वारकाबाई डावखुऱ्या होत्या. जोर सगळा डाव्या हाताचा. प्रत्येक फेऱ्याला त्यांचं डावं कोपर बाहेर झेपावत होतं.

चाचांनी मान हलवली. "ताई, हा दगड या भिंतीला बसणार नाही."

कालिंदीला वाटलं, गिरणीवरच्या बायकांनी सांगितलं होतं ते हेच.

"का नाही बसणार? तीनदा मोजलीय मी भिंत."

"भिंत बरोबर आहे. माझं म्हणणं असं की..."

"की दुसरा दगड घ्यावा लागेल. आणि तो कुठल्या दुकानातून घ्यायचा ते तुम्ही सांगणार. असंच ना?"

"अहो, ऐकून तर घ्या."

"नको. मला कळलं."

गफूरचाचांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "बरं. तुमचं घर, तुमचा दगड," असं म्हणून ते निघाले. द्वारकाबाई मागून म्हणाल्या, "चाचा, पाणी तरी घ्या." चाचांनी उंबऱ्यात उभ्या उभ्या पाणी घेतलं, तांब्या परत दिला आणि गेले.

"ऐकून तरी घ्यायचंस गं," आई म्हणाली.

"तुला नाही कळत आई. हे सगळे असेच असतात."

दुसऱ्या दिवशी तिने सुभाष मिस्त्रीला बोलावलं. त्याला विचारलं, "हा दगड या भिंतीला बसेल ना?"

"तुम्ही म्हणाल तिथे बसवतो."

"हमी?"

"शंभर टक्के."

कालिंदीला हायसं वाटलं. सुभाषने दोन दिवसांत काम उरकलं. काम वाईट नव्हतं हो. दगड कुठेही न कललेला, टाइलचे सांधे एका ओळीत, नळ कुठे गळत नव्हता. सांगितलं तसं त्याने केलं. जे सांगितलं नव्हतं, ते त्याने विचारलं नाही.

खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं की सिंक उजवीकडे, दाराजवळ. शेगडी मध्ये. आणि लाटायची जागा डावीकडे, आतल्या भिंतीच्या अगदी कोपऱ्यात. उजव्या हाताने लाटणाऱ्या बाईला काहीच अडचण आली नसती. द्वारकाबाईंनी पहिल्याच पोळीला लाटणं फिरवलं आणि त्यांचं डावं कोपर भिंतीवर आपटलं.

"लागलं का?" कालिंदीने विचारलं.

"छे गं. नवीन आहे, सवय होईल."

सवय झाली नाही. कोपर वाचवायचं म्हणून द्वारकाबाई अंग चोरून लाटू लागल्या, आणि पोळ्या लांबट येऊ लागल्या. नेहमी पोळ्या नेणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "द्वारकाबाई, पोळ्या लाटता की नकाशे काढता?" पोळ्या न्यायला आलेल्या सगळ्या हसल्या. द्वारकाबाईसुद्धा हसल्या. त्यानंतर मात्र पोळ्या पुन्हा गोल येऊ लागल्या. कालिंदीला वाटलं, चला, बसला हात एकदाचा.

एके दुपारी वाचनालयाची वीज गेली म्हणून ती लवकर घरी आली. स्वयंपाकघराच्या दारात तिची पावलं थबकली. आई ओट्याखाली जमिनीवर बसली होती. समोर पोळपाट. शेजारी डब्यात गोल पोळ्यांची चवड. लेकीची चाहूल लागताच त्यांची उठायची घाई झाली, पण गुडघे ऐकेनात. द्वारकाबाईंनी ओट्याच्या कडेला हात घातला, अर्ध्या उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. पदर खांद्यावरून घसरला. डाव्या कोपराला हळदीचा जाड लेप होता आणि लेपाच्या कडेने कातडी काळीनिळी दिसत होती.

"आई, हे काय?"

"काही नाही गं."

"तू रोज खाली बसतेस? मी कामावर गेले की?"

द्वारकाबाईंनी पोळपाट बाजूला सारला. मग हळूच म्हणाल्या, "तू गादीवर घालून आणलास तो दगड. तुला कसं सांगू?"

कालिंदी तिथेच फरशीवर बसली. भिंत तिने तीनदा मोजली होती. दगड मोजला होता, सिंक मोजलं होतं, नळाची तोटीसुद्धा मोजली होती. आईला एकदाही मोजलं नव्हतं. जन्मापासून जो हात ती बघत आली, तो हात कुठला हे तिच्या वहीत कुठेच नव्हतं. एका माणसाने लाटणं मागून ते पाच मिनिटांत ओळखलं होतं. आणि त्यालाच तिने घराबाहेर काढलं होतं.

आता काय करायचं? चाचांच्या दारात जायचं म्हणजे ते चार शब्द सुनावणार. हसणार. नाही तर अडलेली बघून वाटेल ते मागणार. कालिंदीच्या डोक्यात सगळ्या शंका पुन्हा एकदा रांगेत उभ्या राहिल्या. पण समोर आई भिंतीला धरून उठायची खटपट करत होती. कालिंदीने आईला हात देऊन उठवलं, खुर्चीवर बसवलं आणि चप्पल पायात घातली.

गफूरचाचा शाळेच्या बाथरूममध्ये टाइल बसवत होते. फरशीला मोरीकडे नीट उतार आहे की नाही हे बघायला त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं होतं आणि उकिडवे बसून ते पाणी कुठे जातं ते निरखत होते. कालिंदी दारात उभी राहिली.

"चाचा, माझं चुकलं."

चाचांनी वर बघितलं. "काय, दगड तडकला?"

"नाही. आईचं कोपर."

मग तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "दुसरा दगड कुठला घ्यायचा ते सांगा. तुम्ही म्हणाल त्या दुकानातून आणते."

"दुसरा दगड कशाला?"

"म्हणजे?"

चाचांनी ओल्या बोटाने फरशीवर रेघा काढल्या. हे दार, ही खिडकी, हा दगड. "ताई, तोच दगड उचलायचा आणि समोरच्या भिंतीला लावायचा. सिंक आपोआप आतल्या कोपऱ्यात जातं आणि लाटायची जागा येते दाराकडे, मोकळ्यात. डावा हात हवा तसा फिरवा. आड येतंय ते फक्त कपाट. नळाचा पाइप तिकडे मी वळवून देतो. त्या दिवशी हेच सांगत होतो मी."

कालिंदी म्हणाली, "मग ओरडून का नाही सांगितलंत?"

"तुमच्याच घरात उभा राहून तुमच्यावर ओरडू?" चाचा हसले. "आणि मी दगड विकत नाही हो. दगड विकले असते तर माझेही गुडघे शाबूत राहिले असते. सामान तुम्हीच घ्यावं, हवं तिथून घ्यावं. घेण्याआधी फक्त एकदा हाक मारायची." मग ते गंभीर झाले. "पण एक आहे. तेव्हा दगड मोकळा होता, आता सिमेंटात बसलाय. काढताना तडकू शकतो. मी जपून काढेन, पण हमी देत नाही."

हमी नाही हे शब्द ऐकून एरवी कालिंदी आल्या पावली परत फिरली असती. आज तिला जाणवलं, जो माणूस धोका आधी सांगतो तो आपल्याकडून काही लपवत नाही.

"काढा," ती म्हणाली.

रविवारी चाचा छिन्नी घेऊन आले. कपाट दोघांनी मिळून सरकवलं. दगडाच्या एका टोकाला कालिंदीने खालून हात दिले. चाचा हळूहळू ठोकत होते, थांबत होते, पुन्हा ठोकत होते. प्रत्येक ठोक्याला कालिंदी डोळे मिटून घ्यायची, पण तिने हात सोडले नाहीत. अर्ध्या दगडापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग कडकन आवाज आला.

"गेला?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"कोपऱ्याचा टवका गेला. बोटभर," चाचा म्हणाले. "बाकी सलामत आहे."

द्वारकाबाईंनी टवका उचलून बघितला आणि केराच्या सुपलीत टाकला. "त्या कोपऱ्यावर मी मिठाची बरणी ठेवेन," त्या म्हणाल्या. तेवढ्यावर तो विषय संपला.

समोरच्या भिंतीला दगड बसवण्याआधी चाचांनी पुन्हा लाटणं मागितलं. द्वारकाबाईंना उभं करून कोपराच्या उंचीवर भिंतीला खडूने खूण केली आणि ओटा त्या खुणेच्या हिशेबाने लावला. सिमेंट वाळायला तीन दिवस कुणी त्याला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी द्वारकाबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. लाटणं फिरलं, कोपर मोकळ्या हवेत बाहेर गेलं आणि परत आलं. पोळी गोल झाली. मग दुसरी. मग तिसरी. कालिंदी दाराला टेकून बघत राहिली.

तेवढ्यात वरच्या आळीतल्या एक बाई आल्या. नातीचं बारसं होतं, पण त्या बोलायला कचरत होत्या. "तुमचे गुडघे दुखतात म्हणे. थोड्याच सांगू का पोळ्या?"

द्वारकाबाईंनी पोळी अलगद तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "पोळ्या किती ते राहू दे हो. जेवायला म्हातारी माणसं किती आहेत ते सांगा. त्यांच्या वेगळ्या, मऊ करते."

तात्पर्य: सामान स्वतः आणावं, पण ते वापरणाऱ्याला आणि बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय आणू नये. फसवणुकीच्या भीतीने जो कान बंद करून घेतो, त्याला फसवायला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.