कोरा रकाना

हातगाडीवाल्याला भर चौकात शिव्या दिल्या म्हणून पोलीस शिपाई खिल्लारेची चौकशी लागली. नोकरीच जायची वेळ. उपअधीक्षक रणनवरे खोलीत येरझाऱ्या घालत होते. आधी त्यांनी शिव्या देत खिल्लारेच्या अख्ख्या घराण्याचा उद्धार केला, मग गरजले, "असली भाषा कुठे शिकलास रे? रायटर, याचा जबाब शब्द न् शब्द लिहून घे!"

खिल्लारे सावधान उभा राहिला. "रोज सकाळी हजेरीला शिकतो, साहेब. आत्ता तुम्ही मला जे बोललात, तेच मी गाडीवाल्याला बोललो. तेवढं लिहून घ्या, सही करतो."

रायटरने पेन उघडलं. "साहेब, पहिल्या शिवीपासून घेऊ?"

येरझाऱ्या थांबल्या. खिल्लारे आजही नोकरीत आहे. अहवालातला 'गैरवर्तनाचे कारण' हा रकाना मात्र साहेबांनी कोराच ठेवला.