हाकेची खिंड

ही खिंड बघा. हितं पोचलं की गडी असू दे न्हाईतर बाई, खाली बसायचं, काठी आडवी ठिवायची आन् हाक मारायची. लगीन झालेल्या बाईनं नवऱ्याचं नाव घिऊनच हाक मारायची. उखाणा चालत न्हाई, घसा ताणून नुसतं नाव. हसा, हसा. पर ह्या हाकंमागं एका तान्ह्या लेकराचा जीव हाय, असं सांगत्यात.

लई जुनी गोष्ट. ह्या खालच्या कुरणात धनगरांची मेंढरं उतरली हुती. त्यातल्या धुळाप्पाची बायकू ठकू. बाळंतपणाला माहेरी गेलेली, ती लेकरू पाठीशी बांधून परत निघाली. भावानं डोंगराच्या पायथ्याला सोडली. वरची वाट तिच्या पायाखालची.

खिंडीत आली तर दगडांच्या सांदीत कोकरू अडकलेलं. कानाला खूण त्यांच्याच कळपाची. धनगराची लेक कोकरू टाकून जाती व्हय? तिनं उचललं, काखंत मारलं आन् चालाया लागली. हितंच चुकलं म्हणे.

आदल्या दिशी लांडग्यानं मेंढी नेली हुती, त्यानं कुत्री पिसाळल्यावानी झालेली. ठकू माहेरी गेली तवा जी पिल्लं हुती, ती आता वासरायवढी झालेली, गळ्यात काटेरी पट्टे. त्यांच्या लेखी ती ठकू न्हवती. कोकरू पळवून नेणारं कुणीतरी हुतं.

तीन कुत्री आली. भुंकत आली तवर ठीक हुतं. जवळ आल्यावर गप झाली, तवा ठकू हाय तितंच थांबली.

पळावं तर पाठीला लेकरू; पळत्याच्या पाठीवरच कुत्रं झेप घेतं. काठी उगारावी तर एक आन् कुत्री तीन. तिनं सावकाश कोकरू खाली सोडलं. काठी आडवी टाकली. डोळ्याला डोळा दिला न्हाई. खाली बसली, लेकरू पुढं वढलं, पदराखाली घेतलं.

पर कोकरू जाईना. बाईच्या अंगाला दुधाचा वास. ते आपलं तिच्याच पदरात त्वांड खुपसाया लागलं आन् बें बें वरडाया लागलं. मधलं कुत्रं गुरगुरत आणिक पुढं आलं.

खाली वढ्याला गडी मेंढरास्नी पाणी दावत हुते. तिनं हाक दिली, "अवंऽऽ, ऐकलं का?"

आता मला सांगा, अवं म्हंजी कोण? वढ्याला गडी धा. परत्येकाची बायकू त्याला अवंच म्हणायची. धाच्या धा जणांनी वर बघितलं आन् परत्येकाला वाटलं, दुसऱ्याची आसंल. एकजण म्हणला बी, "बघ रं तुझी बोलावती." कुणी हाललं न्हाई.

नवऱ्याचं नाव घ्यायचं तर सासरा वढ्यालाच हुबा. त्याच्यासमोर ठकूनं कवा डोईवरचा पदर ढळू दिला न्हवता. नाव घेतलं तर नवऱ्याचं आवुक्ष घटतं, असं आयनं शिकवलेलं. एकीकडं नवऱ्याचं आवुक्ष, एकीकडं लेकराचं. कुत्रं आलं, पदराभाईर लोंबणारा लेकराचा पाय हुंगाया लागलं. वठ वर गेलेला, दात उघडे. त्याचा गरम श्वास तिच्या हाताला लागत हुता.

ठकूनं डोळं मिटलं आन् वरडली, "धुळाप्पाऽऽ"

डोंगर घुमला म्हणे. आन् नवल काय झालं, कुत्र्याचं कान हुबं राहिलं. सासरा दिसभर ह्येच नाव घिऊन पोराला शिव्या द्यायचा, कुत्र्यांच्या कानावरचं नाव ते. कुत्रं थांबलं. पाय सोडून तिच्या त्वांडाकडं बघाया लागलं. तवर खालनं शीळ आली, मागनं धुळाप्पा धापा टाकत आला, कुत्र्यांच्या आन् तिच्या मधी हुबा राहिला. तवा कुठं ठकू रडली.

मागनं सासरा आला. म्हातारा आता काय बोलतो न् काय न्हाई. त्यानं कोकरू उचललं, नातवाचा पाय उलटापालटा करून बघितला आन् म्हणला, "घेतलंस नाव, बरं केलंस, पोरी. कुत्र्याला हाक कळती, मर्यादा न्हाई कळत."

धुळाप्पा पुढं लई वर्सं जगला. इतका, की ठकूच वैतागून म्हणायची, आवुक्ष कमी हुईल म्हणून नाव घेतलं आन् ते वाढूनच बसलं.

आजही ह्या खिंडीत हाकंला खालनं धनगराची शीळ आल्याबिगर कुणी पाऊल पुढं टाकत न्हाई. शीळ आली तरी कळपाच्या मधनं जायाचं न्हाई, लांबनं वळसा घालायचा. आन् कोकरू कितीबी गोड दिसू दे, हात लावायचा न्हाई.

बसा आता. त्यो खालचा पांढरा ठिपका बघितला? त्यो दगुड न्हाई, त्यानं आत्ताच मान वळवली. काठी ठिवा. तुमी वं बाई, लाजू नका. घ्या नाव.