बरगड्यांची हंडी

"मग झाकण काढायचं कधी?" इलियासने विचारलं.

दावलबाबा चुलीसमोर मांडी घालून बसले होते. त्यांनी एक लाकूड आत सारलं.

नळदुर्गाबाहेरच्या माळावर बाबांचा तकिया होता. एका पिराच्या कबरीशेजारी दोन खोल्या आणि ओसरीवर चूल. बाबा फकीर होते. दर गुरुवारी येईल त्याला जेवू घालायचे, आणि स्वतः रांधायचे. म्हशीच्या बरगड्या त्यांच्यासारख्या त्या भागात कुणी शिजवत नसे.

इलियास पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी होता. हाताखाली तीस माणसं. हाडाचं मांस किती वेळ, किती आचेवर, कशात शिजतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं त्याने आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. त्याला फक्त एकच गोष्ट हवी होती. त्याची आई रुकय्या ज्या चवीच्या बरगड्या करायची, ती चव. आई ती याच ओसरीवर बसून शिकली होती.

आईला जाऊन चार वर्षं झाली होती.

ती गेली त्या दिवशी इलियास एका लग्नाच्या जेवणावर होता. दोन हजार पानं. निरोप मिळाला, पण तो काम सोडून निघाला नाही. तिसऱ्या दिवशी उमरग्याला पोचला तेव्हा आईला माती देऊन झाली होती. वडिलांनी, गफूरभाईंनी, दार उघडलं, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि त्यानंतर आजतागायत ते त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

आता गफूरभाई अंथरुणाला खिळले होते. त्यांचं बघणाऱ्या शेजारच्या हमीदाखालाने फोन करून सांगितलं की त्यांचं खाणं सुटलंय. मध्ये एकदाच ते म्हणाले होते, रुकय्याच्या हातच्या बरगड्या असत्या तर...

म्हणून इलियास इथे आला होता.

पहिल्या दिवशी त्याने सहा वेळा झाकण काढलं. चाखलं, मीठ घातलं, आच वाढवली, कमी केली. बाबांनी एक तुकडा खाल्ला.

"चांगलं झालंय."

"आईसारखं?"

"नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. इलियासने मसाला विचारला. बाबांनी सांगितला: कांदा, लसूण, मीठ, घरचा काळा मसाला. आधी बरगड्या त्यांच्याच चरबीत तांबूस होईस्तोवर परतायच्या, मग झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर सोडून द्यायच्या. यात इलियासला माहीत नसलेलं काहीच नव्हतं. बाबा काहीतरी लपवताहेत, अशी त्याची खात्री झाली.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा झाकणाकडे वाकला. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"आत काय आहे?"

"मांस."

"ते उठून कुठे जाणार आहे?"

इलियासने हात मागे घेतला. उन्हं भिंतीवरून उतरून अंगणात आली. चुलीतली लाकडं बसत गेली, बाबांनी एकदा निखारे सारले, बस. चार तासांनी झाकण निघालं तेव्हा हाड नुसतं बोटाने ओढलं तरी मांसातून निसटून येत होतं.

इलियासने रस्सा चाखला. ती आईचीच चव होती. मग उठला, घाईघाईने डबा धुतला, भरला, घट्ट लावला. संध्याकाळच्या आत उमरगा गाठायचं त्याने ठरवलं होतं.

बाबांनी त्याच्या हातातून डबा घेतला. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बाया सावलीत भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. बाबा तिथवर चालत गेले आणि डबा त्यांच्यात रिकामा करून आले.

इलियास त्यांच्या वाटेत आडवा आला.

"बाबा, ते अब्बांसाठी होतं."

"त्यांच्या घरी चूल नाही?"

"आहे. पण याला चार तास लागतात."

"लागतात."

"चार तास मी त्यांच्यासमोर काय करू?"

बाबांनी हंडी राखेने घासली, धुतली, फडक्याने पुसली आणि त्याच्या हातात दिली.

दहा दिवसांनी इलियास हंडी घेऊन परत आला. डोळे खोल गेले होते. ओसरीच्या पायरीवर बसून तो खाली बघत सांगू लागला.

घर एका खोलीचं. खाटेपासून चार पावलांवर गॅस. अब्बा भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्याने कांदा चिरला, बरगड्या परतल्या, झाकणात पाणी ठेवलं आणि जमिनीवर बसला. पहिला तासभर खोलीत फक्त हंडीचा आवाज होता. मग अब्बा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, आच मोठी आहे. त्याने आच कमी केली.

आणि मग अब्बांनी विचारलं, "त्या दिवशी लग्न कुणाचं होतं?"

इलियासने मान वर केली.

"मला आठवेना, बाबा. ज्यांच्यासाठी मी आईला सोडलं, त्यांचं नाव मला आठवेना. मी तसंच सांगितलं."

त्यावर अब्बांनी कूस बदलली होती. चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं होतं. मग ते बोलत राहिले. रुकय्याने त्या दिवशी तीनदा किती वाजले ते विचारलं. तिन्ही वेळा अब्बांनी खोटंच सांगितलं होतं, की पोरगा निघालाय, गाडीत बसलाय, येतोच आहे. ते खोटं बोलल्याचं ओझं त्यांनी एकट्याने बाळगलं होतं. इलियास खाटेच्या कडेला जाऊन बसला. त्यांचा हात हातात घेऊन बसला. पुढे किती वेळ गेला ते त्याला सांगता येईना.

"हंडी करपली, बाबा," तो म्हणाला. "वीस वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा. खालचं सगळं कोळसा झालं. वरचे दोन-तीन तुकडे अब्बांनी भाकरीशी खाल्ले, करपट वासासकट. परवा सकाळी ते गेले. मी जवळ होतो." त्याने हंडी बाबांपुढे ठेवली. "पण आईची चव काही मी त्यांना देऊ शकलो नाही."

बाबांनी हंडी जवळ ओढली. तळाच्या काळ्या खरपुडीवरून अंगठा फिरवला.

"करपल्याचा वास आधी कुणाला आला?"

"आम्हा दोघांनाही नाही आला. हमीदाखाला धूर बघून धावत आली."

बाबांनी हंडी उचलून मांडीवर घेतली.

"मला," ते म्हणाले, "अशी हंडी एकदाही जमली नाही."