हणमंतानं सोडलेली पायरी

“ते जनुक चांगलं होतं, तर त्यानं माझा दादा कसा काय मारला?” हा प्रश्न हणमंतानं डॉक्टरला विचारला, नर्सला विचारला, एस.टी.त शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही विचारला.

गावोगाव विहिरी खणत फिरणारी एक टोळी होती. हणमंताचा थोरला भाऊ मल्लप्पा तिचा म्होरक्या. रक्ताच्या कर्करोगानं तो तीन महिन्यांत गेला. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, “पेशीत दोऱ्यासारखी गुणसूत्रं असतात. त्यांवर जनुकं ओळीनं बसलेली. शेजारशेजारची पुष्कळदा एकदम जागी होतात, एकदम झोपतात. तुझ्या भावाच्या रक्तात एक दोरा तुटून भलत्याच दोऱ्याला जोडला गेला. पेशी वाढवणारं एक चांगलं जनुक सदा जाग्या शेजाऱ्यांत जाऊन पडलं. मग तेही झोपेना.” चौथी नापास हणमंताला यातलं ओ की ठो कळलं नाही.

तेरावा झाला आणि टोळी पुन्हा कामाला लागली. विहिरीच्या तळापासून काठापर्यंत पायऱ्यांवर माणसं उभी राहत, मातीच्या पाट्या हातोहात वर जात. मल्लप्पा मधल्या, वळणाच्या पायरीवर असे. त्याच्या खाली त्याची बायको शिवक्का, वर म्हातारा भीमण्णा. हणमंत तळाशी कुदळ मारी. जोर मोठा, घाई त्याहून मोठी.

“दादाची पायरी माझी,” त्या दिवशी तो म्हणाला.

“हणमा, तू खालीच बरा,” शिवक्का म्हणाली. ऐकतो कोण?

तो खालची पाटी हिसकावी आणि वर भिरकावी. घटकाभरात खालचे वरचे सगळे त्याच्याच वेगानं धावू लागले.

“अण्णा, हात मोडलेत का तुमचे?”

“लग्नाची पंगत वाढतोयस होय रे? दम खा की!” भीमण्णा करवादला. बोलता बोलता त्याच्या हातून पाटी सुटली. खाली पाट्या भरणाऱ्या नागव्वाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर ती आपटली.

“माणसं तीच, पाट्या त्याच!” हणमंत ओरडला. “दादा असताना एक पडत नव्हती. मग आज झालंय तरी काय?”

“तू झालायस!” शिवक्काचाही तोल सुटला. “तळाशी तुझी घाई म्हणजे सोनं. इथं मधे आलास आणि सगळी रांग घाईला लावलीस. माणूस चांगलाच आहेस रे, जागा चुकलीय!”

डॉक्टरचं बोलणं आत्ता कुठे हणमंताला कळलं: जनुक चांगलंच, जागा चुकलेली. कळलं म्हणून दादा थोडाच परत येणार होता? उलट रागच आला. एवढीशी गोष्ट, आणि तिनं एवढा माणूस नेला.

पाटीची कड लागू नये म्हणून मल्लप्पा तळव्याला एक चिंधी गुंडाळत असे. ती हणमंतानं सकाळपासून स्वतःच्या हाताला बांधली होती. सोडवत नव्हती, तरी त्यानं ती सोडली. वहिनीच्या तळव्याला नीट गुंडाळली, तिला दादाच्या पायरीवर चढवलं, आणि कुदळ उचलून तो तळाशी उतरला.

तात्पर्य: नुसतं चांगलं असून भागत नाही, जागा आणि शेजारही नीट हवा, मग ती विहिरीतली माणसं असोत की पेशीतली जनुकं.