वेशीवरचं वेडंवाकडं चित्र

डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक म्हातारी चितारीण राहायची. तिथली रीत अशी, की लढाईला निघण्याआधी वेशीच्या भिंतीवर विजयाचं चित्र काढायचं. त्यातले डोळे मात्र कोरे ठेवायचे. बुबुळांचे ठिपके राजाने स्वतःच्या हाताने द्यायचे, मगच फौज हलायची.

मागच्या लढाईचं चित्र तिनेच काढलं होतं. उमदे घोडे, हसरे शिपाई. त्याला नमस्कार करून तिचे दोन्ही मुलगे गेले, ते परत आलेच नाहीत.

यंदा नदीच्या पाण्यावरून शेजारच्या राजाशी बिनसलं. तिला पुन्हा बोलावणं आलं. तिने पडद्याआड आठ दिवस काम केलं.

पडदा सरला तसा प्रधान खो खो हसला. "आजीबाई, नजर गेली की काय? घोड्याचं डोकं त्याच्याच पोटाखाली! आणि चुलीत हा पाय कुणाचा?"

राजा संतापला. "माणूस माणसासारखा काढ, नाहीतर अंगठा उतरवीन!"

चितारीण मागे सरली नाही. "महाराज, लढाईत माणूस माणसासारखा उरत नाही. मागे मी सरळ काढला, ते खोटं होतं. अंगठा घ्या, पण आधी रीत पुरी करा."

सगळी फौज बघत होती. राजाने कुंचला उचलला.

पण डोळे पटकन सापडेनात. तो भिंतीला नाक लावून शोधू लागला. एक डोळा मोडक्या पाळण्यात होता, एक भाकरीच्या तव्यावर.

"हा कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझ्या बहिणीचा वाटतो, महाराज," मागून एक शिपाई म्हणाला.

"आणि तो माझ्या घोडीचा," दुसरा म्हणाला.

राजा पुढे सरकला. "हा आपल्या माणसाचा की शत्रूच्या?"

"मला नाही ओळखता आलं," चितारीण हळूच म्हणाली. "तुम्ही बघा."

राजा बराच वेळ बघत राहिला. कुंचल्यावरची शाई वाळून गेली. त्याने तो खाली ठेवला.

"प्रधानजी, पलीकडे निरोप धाडा. पाण्याचं बोलून बघू."

"आणि ही भिंत? पुसून घेऊ ना?"

"खबरदार! बैठक तिच्यासमोरच घाला. त्या राजाचं तोंड भिंतीकडे ठेवा."

बोलणी महिनाभर चालली, आवाजही चढले, पण पाणी वाटलं गेलं आणि पोरं घरीच राहिली.

तात्पर्य: लढाईचं चित्र देखणं दिसलं, तर बाळांनो, खुशाल समजा, काढणाऱ्याने काहीतरी झाकलं आहे.