शिरगणीच्या कोर्टाचा बारावा खांब

“मोजा पाहुणे, मोजा खांब!” शिरगणीच्या जुन्या कोर्टाच्या ओसरीत कुणी नवखा दिसला की गणूतात्या हेच म्हणतात. खांब अकराच भरतात, काळ्या दगडाचे, कवेत न मावणारे. बाराव्याच्या जागी नुसती बैठक, तिच्यावर एक फुटका दगड आणि वर छताला सागवानी तुळई. इंजिनिअर लोक येतात, डोकं खाजवतात. तात्या इथलेच निवृत्त बेलीफ. ते पाहुण्यांना पायरीवर बसवून घेतात आणि सांगतात ते असं.

ही इमारत बांधली यमाजी पाथरवटाने. हातोडीने तीनदा वाजवल्याशिवाय तो दगड चढवू द्यायचा नाही. खरा दगड टण्ण वाजतो, पोटात चीर असली की बद्द. यमाजीच्या कानाला अख्खा मुलूख मान द्यायचा, आणि गड्याला त्याचा ताठाही होता म्हणे.

उद्घाटन चार दिवसांवर आलं. बारावा खांब तेवढा राहिला होता आणि ठेकेदार डोक्यावर बसलेला. यमाजीने शेवटचा दगड वाजवला. बद्द! नवा घडवायचा तर आठवडा गेला असता. उशिराचा बट्टा आपल्या नावाला लागेल, या भीतीने त्याने मान फिरवली नि म्हणाला, “चढवा.” चुना मळायच्या घाण्यावर बैल हाकणारी साळू तेवढी वर बघत होती.

तिसऱ्या दिवशी खांब कोसळला. खाली खंडू बिगारी होता, तो जागीच गेला. ठेकेदाराने हात झटकले. म्हणे चुना कच्चा होता, दोष साळूचा. बळी तो कान पिळी, दुसरं काय! बाई विधवा, पदरी दोन पोरं. पुढच्या महिन्यात याच इमारतीत पहिला खटला उभा राहिला तो तिच्यावर, आणि साक्षीला बोलावलं यमाजीला.

असं सांगतात की, पिंजऱ्यातून साळू एवढंच बोलली, “चुना म्या सात दिस मळला, सायेब. मिस्त्रीला ठावं हाय.” दगडाचं तिने नावही काढलं नाही. मिस्त्री म्हणजे यमाजीच. नुसता गप्प राहिला असता तरी त्याचं नाव शाबूत होतं, आणि ती तुरुंगात. पण तो म्हणाला, “चुना खरा हुता. दगूड खोटा हुता, आन् म्या त्ये ऐकलं हुतं.”

साळू सुटली. यमाजी दोन वर्षं आत गेला. परत आला तेव्हा खटला चालवणाऱ्या मुन्सफांनी नवा दगड घडवून ठेवला होता. “वाजव आणि चढव,” ते म्हणाले. यमाजीने वाजवला. टण्ण! तरी त्याने हातोडी खाली ठेवली.

“दगूड ब्येस हाय, सायेब. पर ज्या कानानं ऐकूनबी न ऐकल्यागत केलं, त्येच्या भरवशावर म्या आता खांब न्हाई उभारायचा.”

त्याने तो फुटका दगडच बैठकीवर ठेवला आणि साळूने स्वतः मळलेल्या चुन्यात तो पक्का बसवला. त्यानंतर यमाजीने हातोडी धरली नाही म्हणे.

आजही शिरगणीचा साक्षीदार आत जाण्याआधी, तिथे ठेवलेल्या गोट्याने तो दगड वाजवतो. दगड बद्द वाजतो. पढवून आणलेले काही जण तिथूनच पायात चपला सरकवून घरची वाट धरतात, आणि वकील मंडळी कपाळाला हात लावतात. मध्ये दुरुस्तीवाल्यांनी पहार लावून तो दगड काढायचा घाट घातला होता. पहार वाकली. साळूचा चुना काही हलला नाही.